लढाईत कोण होतं? : लष्करी वैमानिकांना बीड जिल्ह्यातून खुले पत्र

प्रति,
भारतीय हवाई दल आणि लष्कराचे विमानन दल यांतील सर्व आजी-माजी वैमानिक,



मी आष्टी तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक. दसरा झाला की आमच्याकडची माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. पोरं पहाटे चारला उठून नगर रस्त्याच्या कडेनं भरतीसाठी पळतात. विमान आम्हाला दिसतं ते फार उंचावर, एखाद्या पांढऱ्या रेघेसारखं. अशा ठिकाणच्या माणसानं 'लढाईत कोण होतं' या तुमच्या आपसातल्या वादात का पडावं, असं तुम्हाला वाटलं तर ते साहजिक आहे. पण हा वाद आता आमच्या गावापर्यंत आला आहे. म्हणून लिहितो.

माझा एक विद्यार्थी हवाई दलात आहे, एमआय-17 हेलिकॉप्टरवर फ्लाइट इंजिनियर. आईवडील कारखान्यावर, हा आजीजवळ राहून शिकला. सुट्टीवर आला तेव्हा गावानं त्याचा सत्कार ठेवला. फेटा, शाल, नारळ झालं आणि पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "लढाऊ इमान चालवतो का रं तू?" तो म्हणाला, "नाही आबा. मी हेलिकॉप्टरवर असतो." आबा म्हणाले, "म्हंजी सामान न्यायचं." आबांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण त्या पोराचा चेहरा मी चौथीपासून ओळखतो. त्यानं मान खाली घातली आणि फेट्याचा शेमला उगाच नीट करत राहिला.

दुसरा प्रसंग छत्रपती संभाजीनगरचा, एका लग्नातला. जेवणाच्या टेबलावर तीन निवृत्त हवाई अधिकारी होते. एक फायटरवाले, एक ट्रान्सपोर्टवाले, एक हेलिकॉप्टरवाले. बोलता बोलता विषय निघाला, कॉम्बॅट फ्लाइंग कशाला म्हणायचं. फायटरवाले म्हणाले, "ज्याच्या हाताखाली शस्त्र आहे आणि जो ते वापरायलाच निघाला आहे, तो लढाईत. बाकीचे लढाईच्या मदतीला." ट्रान्सपोर्टवाले म्हणाले, "खालून गोळी झाडणारा आधी माझं स्ट्रीम विचारत नाही." हेलिकॉप्टरवाले बराच वेळ गप्प होते. मग एवढंच म्हणाले, "सियाचीनवरून आम्ही ज्यांना खाली आणलं त्यांना विचारा." हसत सुरू झालेलं बोलणं कडवट होत गेलं. पान न घेताच एक जण उठून गेले.

तिघेही सज्जन होते, तिघांनीही देशासाठी जीव टांगणीला लावलेला होता. तरी एका शब्दावरून त्यांच्यात इतकं अंतर पडलं. मी मराठी शिकवत आलो. शब्दावरून माणसं दुरावली की मला त्या शब्दाकडे बघावंच लागतं.

आपल्या मराठीत शब्द आहेत 'लढाऊ विमान' आणि 'मालवाहू विमान'. लढणं हा गुण माणसाचा, पण तो आपण यंत्राला चिकटवून टाकला. मग त्या यंत्रात बसलेला आपोआप लढाऊ आणि दुसऱ्या यंत्रात बसलेला आपोआप हमाल. वैमानिक प्रशिक्षण घेत असतानाच त्यांचे तीन प्रवाह होतात, फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर. विशी-बाविशीत पडलेली ती चिठ्ठी जन्मभर कपाळावर राहते. भाषेची ही खोड जुनी आहे. मराठी फौजांबरोबर चालणाऱ्या बिनलढाऊ माणसांना आपण 'बुणगे' म्हणालो आणि आजही हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. पण पानिपतचा इतिहास काय सांगतो? गोविंदपंत बुंदेल्यांकडे काम होतं पैसा उभा करण्याचं, धान्य पोचवण्याचं आणि अब्दालीची रसद तोडण्याचं. डिसेंबर 1760 मध्ये त्यांच्यावर अचानक घाला पडला आणि ते मारले गेले. त्यानंतर मराठ्यांच्या छावणीत दाणागोटा येणं जवळजवळ थांबलं आणि 14 जानेवारी 1761 ला उपाशी फौज लढायला बाहेर पडली. गोविंदपंत मेले ते लढाईत की लढाईच्या मदतीत? अब्दालीच्या मनात त्याबद्दल शंका नव्हती. रसद हीच लढाई आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर त्यानं तिथे घोडदळ पाठवलं.

स्वतंत्र भारताच्या हवाई दलाची पहिली लढाईसुद्धा रसदेची होती. 27 ऑक्टोबर 1947 ला डकोटा विमानं शिखांची पलटण घेऊन श्रीनगरला उतरली. धावपट्टी आपल्या ताब्यात आहे की नाही याचीही खात्री नसताना ती उतरली. डकोटा म्हणजे शुद्ध मालवाहू विमान. पुढे पूंछला वेढा पडला. आत ब्रिगेडियर प्रीतमसिंगांची शिबंदी आणि आश्रयाला आलेली हजारो माणसं. शिबंदीनं आणि लोकांनी मिळून एक ओबडधोबड धावपट्टी तयार केली, तीही भोवतालच्या डोंगरांवरून शत्रूचा मारा पोचेल अशा जागी. एअर कमोडोर मेहरसिंग यांनी तिथे डकोटा उतरवली आणि मग ती रीघच लागली. जाताना दारूगोळा आणि धान्य, येताना जखमी आणि निर्वासित. रात्री कंदिलांच्या उजेडात विमानं उतरली. तोफासुद्धा विमानातून आत पोचवल्या, धावपट्टीवर गोळे पडत असताना. 24 मे 1948 ला मेहरसिंग जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन लेहला उतरले, साडेअकरा हजार फुटांवर, त्याआधी कुठल्याही विमानाची चाकं न लागलेल्या जागी. याच लढाईत डकोटांच्या दारातून माणसांनी हातांनी बॉम्ब ढकलले.

मला सांगा, दारातून बॉम्ब ढकलला त्या फेरीत ती डकोटा लढाऊ झाली आणि तोफ उतरवून जखमी उचलले त्या फेरीत ती मालवाहू झाली, असं म्हणायचं का? तोच वैमानिक, तीच दरी, खालून तीच बंदूक. मेहरसिंगांना महावीर चक्र मिळालं. त्याच काश्मीरच्या लढाईसाठी महावीर चक्र मिळवणारे हृषीकेश मुळगावकर लढाऊ विमानांवरचे. पुढे ते हवाई दलप्रमुख झाले. 1947-48 च्या देशानं एकच चक्र दोघांना दिलं होतं. तेव्हा जे कळत होतं ते आता का कळू नये?

इथे मी आमच्या मराठवाड्याची एक गोष्ट सांगतो, कारण नावानं लढाई कशी झाकली जाते हे आमच्याइतकं कुणाला माहीत नसेल. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा आत शिरल्या. मेजर जनरल जे. एन. चौधरींची मुख्य फौज सोलापूरकडून आली, दुसरी औरंगाबाद-जालन्याच्या बाजूनं. नळदुर्गला चकमक झाली. उमरग्याच्या पुढे राजेश्वरजवळ वाट अडवून बसलेल्यांवर हवाई दलाच्या टेंपेस्ट विमानांनी हल्ले केले आणि रस्ता मोकळा केला. 17 सप्टेंबरला निजामानं हार मानली. रणगाडे होते, तोफा होत्या, लढाऊ विमानं होती, दोन्हीकडची माणसं मेली. सरकारी दप्तरात याचं नाव काय? 'पोलीस कारवाई'. आमची जुनी माणसं आजही जन्मसाल सांगताना "पोलीस ॲक्शनच्या साली" असंच म्हणतात. दिल्लीला हे नाव का हवं होतं तेही समजण्यासारखं आहे, संयुक्त राष्ट्रांत निजामाची तक्रार गेली होती. पण कागदावर 'पोलीस' लिहिल्यानं टेंपेस्टमधला वैमानिक हवालदार झाला नाही.

याच गोष्टीची दुसरी बाजूही बघा. निजामाजवळ समोर उभं राहील असं हवाई दल नव्हतं. त्या टेंपेस्टवाल्यांना आकाशात आव्हान नव्हतं. यंत्रावरूनच ठरवायचं तर ती शंभर टक्के लढाऊ उड्डाणं. धोक्यावरून ठरवायचं तर पूंछला उतरणारी डकोटा त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक आगीत होती. मी टेंपेस्टवाल्यांचं काही कमी करत नाही. आमचं स्वातंत्र्य त्यांच्या पंखांखालून आलं. यंत्राचं नाव किती अपुरं पडतं, तेवढंच दाखवतो आहे.

फायटरवाल्या साहेबांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यात एक खरी गोष्ट आहे. स्वतः होऊन शत्रूच्या अंगावर जाणं, मारायला जाणं आणि मरणाची तयारी ठेवून जाणं, याचं ओझं वेगळंच असतं. पुण्याचे दिलीप पारुळकर बघा. 1965 च्या युद्धात खालून आलेल्या गोळीनं खांद्याला जखम झाली तरी हंटर विमान तळावर परत आणलं. 10 डिसेंबर 1971 ला त्यांचं सुखोई-7 पाडलं गेलं आणि ते युद्धकैदी झाले. 13 ऑगस्ट 1972 च्या रात्री ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन सोबत्यांबरोबर रावळपिंडीच्या कैदेतून भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीजवळ लंडीकोतलपर्यंत पोचले, तिथे पकडले गेले. अशा माणसानं 'आम्ही लढाईत होतो' म्हटलं तर कोण हरकत घेईल? 'कॉम्बॅट' हा शब्द वाटेल त्या उड्डाणाला लावून स्वस्त करू नका, असं फायटरवाले म्हणतात तेव्हा ते अशा माणसांची राखण करत असतात. म्हणून मी 'सगळेच लढाऊ' असं म्हणून हात झटकणार नाही. सगळ्यांना एकच हार घातला की कुणाचाच मान राहत नाही.

पण मग फूटपट्टी सगळ्यांना एकच लावा. शांततेत सराव करताना एखाद्या मिग-21 चा अपघात झाला आणि वैमानिक गेला. 1963 पासून 26 सप्टेंबर 2025 पर्यंत सेवेत राहिलेल्या त्या विमानानं अशी अनेक घरं उजाड केली. ते मरण देशसेवेतलं आहे, त्याच्यापुढे मी हात जोडतो. पण ते उड्डाण लढाईतलं नव्हतं, विमान लढाऊ असलं तरी. हे मान्य करायला फायटरवाल्यांना जड जाईल. जड गेलं तरी मान्य करायला हवं.

उलट 1999 च्या कारगिल युद्धात, 28 मे ला, तोलोलिंगच्या परिसरात एमआय-17 हेलिकॉप्टरं रॉकेटं मारायला गेली. मूळचं माणसं आणि सामान वाहणारं यंत्र. त्यांतल्या एका हेलिकॉप्टरवर शत्रूच्या क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर नव्हते. खांद्यावरून सोडलेलं क्षेपणास्त्र नेमकं त्याच्यावर बसलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट मुहिलन, सार्जंट प्रसाद आणि सार्जंट साहू गेले. चारांतले दोघे सार्जंट होते हे मी मुद्दाम लिहितो आहे. माझा विद्यार्थी ज्या जागी उभा असतो ती जागा त्यांची. तुमच्या वादात 'वैमानिक' हा एकच शब्द फिरत असतो. मागे उभा असलेला इंजिनियर आणि गनर त्यात कुठेच येत नाही.

त्याच कारगिलमध्ये गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी चीता हेलिकॉप्टर उडवलं, जखमी आणले, शत्रूच्या जागा टिपल्या. त्या काळी स्त्रियांना लढाऊ कामगिरी बंद होती, म्हणून कागदावर त्या लढाईत नव्हत्या. हवाई दलात स्त्रिया लढाऊ विमानांवर आल्या त्या 2016 मध्ये. आणि 25 मे 2022 ला आपल्या नाशिकला, लष्कराच्या विमानन प्रशिक्षण शाळेत, कॅप्टन अभिलाषा बराक यांच्या छातीवर पंख लागले तेव्हा साऱ्या देशात मथळा झाला: लष्कराच्या पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर. मला अतिशय आनंद झाला. नाशिकच्या त्या शाळेच्या नावातच 'कॉम्बॅट' आहे, आणि तिथे हेलिकॉप्टर शिकवतात. मग 1999 मध्ये प्रत्यक्ष युद्धात गेलेलं हेलिकॉप्टर 'बिनलढाऊ' आणि 2022 मध्ये शांततेत पंख मिळवलेलं हेलिकॉप्टर 'लढाऊ', हे आम्ही शाळेतल्या पोरींना कसं समजावायचं? लष्कराचा शब्द एक आणि हवाई दलाचा दुसरा, हे उत्तर कागदाचं झालं.

आता जे मला सर्वांत जास्त छळतं त्याकडे येतो. 27 फेब्रुवारी 2019. बालाकोटच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. नियंत्रणरेषेवर दोन्हीकडची लढाऊ विमानं एकमेकांसमोर आलेली. श्रीनगरहून एक एमआय-17 उडालं आणि काही मिनिटांत बडगामजवळ कोसळलं. आतले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. त्यांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. सैनिकी सेवापूर्व शिक्षणासाठी ते आमच्या मराठवाड्यात, औरंगाबादला राहिलेले. सुरुवातीला बातमी 'हेलिकॉप्टर अपघात' अशीच आली. चौकशीअंती निघालं की ते आपल्याच क्षेपणास्त्रानं पडलं होतं. ऑक्टोबर 2019 मध्ये हवाई दलप्रमुख भदौरियांनी ही आपली मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं. त्या कबुलीचं धैर्यही मी मानतो.

त्या लग्नात ट्रान्सपोर्टवाल्या साहेबांनी हाच दाखला दिला तेव्हा कुणीतरी शेजारून म्हणालं, "पण ते शत्रूच्या हातून गेले नाहीत ना." मी तेव्हा बोललो नाही. आज बोलतो. त्या सकाळी लढाई चालू होती. आकाशात शत्रूची विमानं होती म्हणूनच आपली क्षेपणास्त्रं सज्ज होती, म्हणूनच कुणाचं तरी बोट घाईनं कळीवर गेलं. लढाईतली धांदल, गोंधळ, चुकीची ओळख हे लढाईचंच अंग आहे. शिवकाळापासून आजपर्यंत असा एकही रणसंग्राम नसेल ज्यात आपल्याच हातानं आपला माणूस गेला नाही. बडगामचं ते उड्डाण लढाईतलं होतं. निनाद मांडवगणे आणि त्यांचे पाच सोबती लढाईत गेले. दोघा वैमानिकांना मरणोत्तर वायुसेना पदक मिळालं. पण आमच्या गावांत आजही त्या दिवसाचं नाव निघतं तेव्हा एकच नाव निघतं, फायटर वैमानिक अभिनंदन वर्धमान यांचं. त्यांचं वीरचक्र त्यांच्या हक्काचं आहे, त्यात तिळभर शंका नाही. माझी खंत एवढीच, की एका सकाळच्या एका लढाईतली सहा नावं आम्ही 'अपघात' या खणात टाकून मोकळे झालो.

आणि त्याच दिवशी जमिनीवर, रडारच्या पडद्यासमोर बसून वैमानिकांना दिशा देणाऱ्या मिंटी अग्रवाल होत्या. त्यांना युद्धसेवा पदक मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. न उडता लढाईत असता येतं हे इथे देशानंच मान्य केलं. उलट अमेरिकेत 2013 च्या फेब्रुवारीत ड्रोन चालवणाऱ्यांसाठी एक वेगळं पदक जाहीर झालं आणि प्रत्यक्ष रणांगणावर गेलेल्यांनी एवढा आरडाओरडा केला की एप्रिलमध्ये ते रद्द करावं लागलं. हा वाद तुमचा एकट्यांचा नाही, आणि पुढे ड्रोन वाढतील तसा तो वाढतच जाणार आहे.

एवढं लिहिल्यावर माझी व्याख्या सांगितली पाहिजे. जे उड्डाण लढाईच्या कामासाठी, हुकमानं, शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यात गेलं, ते लढाऊ उड्डाण. विमान कुठलंही असो, ट्रिगर कुणी दाबो, आत बसलेला कुठल्याही हुद्द्याचा असो. पूंछ यात बसतं, तोलोलिंग बसतं, बडगाम बसतं, टेंपेस्टही बसतात. सरावातलं मिग बसत नाही.

आणि आमचं कडाही बसत नाही. 2025 च्या सप्टेंबरात आष्टी तालुक्यात आभाळ फाटलं. वर्षानुवर्षं टँकरची वाट बघणारा हा तालुका पाण्याखाली गेला. कडा आणि आसपासच्या गावांत माणसं पुरात अडकली आणि त्यांना काढायला नाशिकहून लष्कराचं हेलिकॉप्टर आलं. त्याच महिन्यात शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, परांडा तालुक्यातही ते गेलं. पाऊस, कमी दिसणारं आकाश, खाली विजेच्या तारा, लिंबाची झाडं, ओढ्याच्या जागी समुद्र. अशा हवेत एका जागी तरंगत राहून माणूस वर घेणं काय असतं ते तुम्हालाच ठाऊक. आमच्या लेकी-सुना आणि म्हाताऱ्या त्यांनी वाचवल्या. गावातली काही पोरं म्हणाली, "सर, हीच खरी लढाई." मी त्यांना म्हणालो, नाही. आमच्यावर कुणी गोळी झाडत नव्हतं. ते काम लढाईचं नव्हतं, आणि त्याला लढाईचं नाव उसनं घ्यायची गरज नाही. लढाऊ म्हटल्याशिवाय आपल्याला एखाद्याचा मान ठेवताच येत नसेल तर दोष आपल्या मान देण्यात आहे.

याबाबतीत एका सरकारी कागदानं आपल्या बोलण्यापेक्षा जास्त शहाणपण दाखवलं आहे. 31 जानेवारी 2001 च्या संरक्षण मंत्रालयाच्या आदेशात सैनिकाच्या मृत्यूच्या 'ए' ते 'ई' अशा पाच वर्गवाऱ्या आहेत. युद्धातला मृत्यू 'ई'. नैसर्गिक आपत्तीत नागरी प्रशासनाच्या मदतीला गेलेल्याचा मृत्यू 'डी'. या दोन्हींत घरच्यांना मिळणारं उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनाइतकं. कामावरच्या अपघातातला मृत्यू 'सी'; तिथे विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, वेतनाच्या साठ टक्के. म्हणजे कड्याला आलेल्या हेलिकॉप्टरमधल्या कुणाचं काही बरंवाईट झालं असतं, तर त्याच्या घरच्यांना रणांगणावर पडलेल्याच्या घरच्यांइतकंच कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची तरतूद आहे. कागदानं दोन मरणांना दोन नावं दिली आणि हात मात्र सारखाच पुढे केला. लग्नातल्या त्या टेबलावर नेमकी हीच गोष्ट हरवली होती.

पण 'सी' की 'ई', अपघात की लढाई, हे शेवटी कुणीतरी लिहिलेल्या अहवालावरून ठरतं. त्या एका अक्षरावर एखाद्या विधवेचं आयुष्य उभं असतं. खेड्यातल्या घरांना तो अहवाल वाचताही येत नाही, इंग्रजीत असतो. म्हणून माझी पहिली विनंती: निवृत्त झालेल्यांनो, तुम्ही ज्या फेऱ्या पाहिल्या, ज्यात तुम्ही होतात, त्या लिहून ठेवा. तारीख, जागा, खालून मारा होता की नव्हता, बरोबर कोण कोण होतं. मराठीत लिहा. मागे उभ्या असलेल्या सार्जंटचं नाव गाळू नका. एखाद्या कुटुंबाला दहा वर्षांनी तो कागद लागेल.

दुसरी विनंती पत्रकारांनाही आहे आणि तुम्हालाही. यंत्रावरून माणसाचं मोल ठरवणारा शब्द वापरू नका. 'लढाऊ विमान' म्हणा, ते विमानाचं नाव आहे. पण 'लढाऊ वैमानिक' म्हणताना क्षणभर थांबा आणि विचारा, तो कुठे गेला होता.

तिसरी आमच्यासाठी. दर 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आमच्या प्रत्येक शाळेत होतं. 2025 मध्ये तो दिवस पुराच्या चिखलात आला. येत्या 17 सप्टेंबरला आष्टी तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत या. तिघेही या, फायटरवाले, ट्रान्सपोर्टवाले, हेलिकॉप्टरवाले, एकाच गाडीतून. बरोबर एखादा फ्लाइट इंजिनियर आणा. पोरांना पूंछची धावपट्टी सांगा, राजेश्वरचा रस्ता सांगा, तोलोलिंग सांगा, बडगामची सकाळ सांगा. कड्याला उतरलेल्यांपैकी कुणी येऊ शकलं तर आमच्या आबांना समोर बसवतो, प्रश्न विचारायला. पोरं सकाळी सातपासून रांगेत उभी असतात.

आपला,
आष्टी तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक
जि. बीड